हेलसिंकीतली मेटल उपासना

नॉर्वेतल्या बर्गन शहराच्या ट्रामने फँटॉफ्टला उतरायचं आणि चढ चढून झाडीत शिरायचं. थोड्या वेळात गडद, जवळजवळ काळं लाकडी चर्च समोर येतं. छपरावर छपरं आणि कडांना ड्रॅगनची तोंडं. बाराव्या शतकात ते फोर्टुन गावी बांधलं होतं, १८८३ मध्ये तिथून उचलून इथे आणलं. ६ जून १९९२ च्या पहाटे कुणीतरी ते जाळलं. आज उभं आहे ते १९९७ मध्ये पूर्ण झालेलं नवं बांधकाम.

त्या वर्षांत नॉर्वेच्या ब्लॅक मेटल (हेवी मेटल या दणदणीत रॉक संगीताची एक टोकाची शाखा) वर्तुळातल्या पोरांनी एकामागून एक चर्चं पेटवली. या चर्चच्या जळक्या सांगाड्याचा फोटो एका रेकॉर्डच्या मुखपृष्ठावरही छापला गेला. मी नगरच्या ख्रिस्ती घरातली. वडील रविवारच्या उपासनेत पेटी वाजवायचे आणि मी कॉलेजपासून मेटल ऐकते. आमच्या मंडळीतले वडीलधारे त्याला सैतानाचं संगीत म्हणत आले, आणि मेटलवाले मित्र फँटॉफ्टचा दाखला देऊन विचारत, तुझं इथे काय काम? म्हणून हे ठिकाण आधी बघायचं ठरवलं होतं. कुंपणाशी उभी राहिले तेव्हा संताप आला. ज्या मेटलला ही आग प्यारी आहे, त्याच्याशी माझा समेट नाही, होणारही नाही.

पण ते म्हणजे अख्खं मेटल नव्हे. मेटलचा उगम ज्यांच्याकडे सांगतात त्या ब्लॅक सॅबथचा गीझर बटलर कॅथलिक घरातला. त्यांच्या १९७१ च्या अल्बममध्ये त्याने देवाची बाजू घेणारं सरळ सरळ गाणं लिहिलं. पुढे कॅलिफोर्नियाचे स्ट्रायपरवाले पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे कपडे घालून प्रेक्षकांत बायबलच्या ‘नव्या करारा’च्या प्रती भिरकावत. बँडच्या नावाशी त्यांनी जोडलेलं वचन यशया ५३:५, ‘त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले.’ त्यांच्या धाडसाचं मला कौतुक आहे, गाणी मात्र कधी फारशी भिडली नाहीत. मेटलच्या वाद्यमेळावर उपदेश ठेवला म्हणजे दोन्ही एकजीव झाले, असं होत नाही.

हेलसिंकीत मात्र ते झालेलं ऐकलं.

माझा आतेभाऊ हेलसिंकीशेजारच्या एस्पोत नोकरीला आहे. फिनलंडच्या ल्युथेरन चर्चमध्ये २००६ पासून मेटल उपासना होते, हे त्यानेच कळवलं होतं. “ताई, जॅकेट जाड घे, आणि पहिल्या रांगेत बसायचा हट्ट धरू नकोस,” एवढी सूचना देऊन त्याने मला मेट्रोत बसवलं. दुपारी आम्ही टेंपेलिआउकिओचं चर्च पाहिलं. सुओमालाइनेन बंधूंनी अखंड खडकात कोरलेलं, १९६९ मध्ये खुलं झालेलं. भिंतींचा खडक तसाच खडबडीत ठेवलाय, वर तांब्याचा घुमट. आत कुणी नुसतं खाकरलं तरी आवाज फिरून येत होता.

संध्याकाळचं चर्च दुसरं, साधं. दारात एक आजीबाई कानात घालायचे बोळे वाटत होत्या. बाकांवर पॅच लावलेली डेनिम जॅकेटं, लांब केस, आणि त्यांच्या शेजारी नेहमीच्या रविवारची म्हातारी माणसं. वेदीसमोर ड्रम्स, बाजूला अँप्लिफायर. भिंतीवर गीतांचे आकडे लावलेली नेहमीची लाकडी पाटी.

मला वाटलं होतं, गाण्यांमध्ये मध्येमध्ये प्रार्थना असेल. तसं नव्हतं. क्रम उपासनेचाच होता: पापांगीकार, ‘प्रभू, दया कर’, शास्त्रपाठ, विश्वासांगीकार, प्रभुभोजन. मेटल त्या क्रमात बसलं होतं. पापांगीकारानंतर गिटारची एक खर्जातली ओळ सुरू झाली, अतिशय संथ, आणि ड्रम्सचं डबल बेस पेडल छातीवर आदळायला लागलं. ‘प्रभू, दया कर’ हे मी जन्मभर म्हणत आले. इतकं गरजेचं ते मला कधी वाटलं नव्हतं.

मग पाटीवरचा १७० वा आकडा आला, धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं गीत, स्तोत्र ४६ वर आधारलेलं. ‘देव आमचा आश्रय व आमचे सामर्थ्य आहे.’ गायकाने पहिली ओळ उचलली आणि अख्खी मंडळी उठली. पाठ कुणाचं नव्हतं? शेजारचा धिप्पाड माणूस, मनगटाला खिळ्यांचा पट्टा, गीतपुस्तकाकडे न बघता गात होता. त्याच्या पलीकडच्या आजीही. फिनिश मला येत नाही, चाल येत होती, मी मराठीत गायले.

माझी खात्री तिथे पटली. स्तोत्रसंहितेत विलाप किती आहे! स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, सांत्वनाचा एक शब्द नाही. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे स्तोत्र २२ मधलं वाक्य आपण गोड सुरात म्हणून टाकतो. त्या वाक्याला शोभेल असा आवाज मेटलकडे आहे. मात्र एक अट मी मानते: मंडळीला गाता आलं पाहिजे. बँड वाजवतोय आणि आपण बघतोय, असं झालं की उपासना संपली. त्या संध्याकाळी गायकाचा आवाज कैक वेळा लोकांच्या आवाजात बुडाला, आणि त्याला ते हवंच होतं.

प्रभुभोजनाच्या वेळी ड्रम्स थांबले. खिळ्यांच्या पट्ट्याचा तो हात भाकरीसाठी पुढे आला तेव्हा थरथरत होता.

नंतर चर्चच्या हॉलमध्ये कॉफी होती. भाऊ म्हणाला, “आपल्याकडे चालेल का गं हे?” मी त्याला टिळकांची आठवण दिली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनाचे छंद ख्रिस्ती उपासनेत रुजवले. मिशनऱ्यांच्या भाषांतरित गीतांवर वाढलेल्या मंडळीला ते नवखंच होतं. आज ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतपुस्तक त्यांच्या गीतांशिवाय उघडता येत नाही.

“मग कुठलं घेशील आधी?” त्याने विचारलं. मी म्हटलं, विलापाचं एखादं, संथ लयीतलं. नगरच्या तरुण संघात दोन पोरं गिटार वाजवतात, ड्रम्स शिकणारी एक मुलगी आहे. पाळकसाहेबांशी बोलायला लागेल, आणि पेटी काढायची नाही, ती राहील.