रंगीत पाहिजे, आणि दिसला पाहिजे

टॅरँटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळणाऱ्या बऱ्याच जणांकडे एक तरी असा डबा असतो, ज्यात फक्त माती दिसते. विचारलं तर सांगतात, आत आहे, निळाशार आहे, मागच्या पावसाळ्यात दिसला होता. पुण्याच्या मावसभावाकडे मी असाच एक डबा पाहून आलो होतो. म्हणून आमच्या घरी कोळी आणायचा विषय निघाला तेव्हा आठवीतल्या पोरीने आधीच अट घातली: रंगीत पाहिजे, आणि दिसला पाहिजे. त्यात मी माझी जोडली: हिंगणघाटच्या मे महिन्यात जगला पाहिजे.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. दिवसभर कीटकनाशकं विकणाऱ्या माणसाने आठ पायांचं जनावर घरात ठेवायचं म्हणजे काय भानगड असते, ते पुढे येईलच.

फोटो बघत बसलं तर सगळेच आवडतात. म्हणून मी फोटो बाजूला ठेवले आणि प्रत्येक जातीबद्दल एवढंच विचारत गेलो, की हा दिवसा बसतो कुठे? बिळात, सालीमागे, की उघड्यावर? रंगाचं नंतर बघू. या एका प्रश्नाने निम्मी यादी गळाली.

पहिला गेला कोबाल्ट ब्लू. म्यानमार-थायलंडकडचा, पाय असे निळे की फोटोवर विश्वास बसू नये. पण हा खोल बीळ खणून आत राहणारा. मावसभावाच्या मातीच्या डब्यात तोच होता. शिवाय चपळ आणि तापट. आशिया-आफ्रिकेतल्या टॅरँटुलांच्या अंगावर खाज आणणारे केस नसतात, त्यामुळे बचावाला त्यांच्याकडे पळणं आणि चावणं एवढंच उरतं, आणि त्यांचं विषही उत्तर-दक्षिण अमेरिकेतल्यांपेक्षा जोरदार. पोर घरात असताना ते नको.

दुसरा आपल्याच देशातला, गुटीचा निळा. आंध्रातल्या गुटी रेल्वे स्टेशनच्या लाकडाच्या वखारीत सापडलेल्या कोळ्यावरून पोकॉकने 1899 मध्ये त्याचं वर्णन केलं. पुढे शंभर वर्षं त्याचा पत्ता नव्हता. 2001 मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात तो पुन्हा दिसला, म्हणजे गुटीला तो बहुधा लाकडाबरोबर गाडीने आला असावा. जगातल्या सगळ्यात देखण्या कोळ्यांत त्याला धरतात. पण झाडाच्या ढोलीत राहणारा, उजेड पडला की सालीमागे सटकणारा. त्यात तो अतिसंकटग्रस्त, आणि 2019 पासून त्याच्या गटातल्या सगळ्याच जाती साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात. जंगलातून किती चोरून निघतात देव जाणे, आपण त्यात भर घालायची नाही.

मेक्सिकन रेड नीवर मात्र मन अडकलं होतं. काळं अंग, गुडघ्यांवर केशरी पट्टे, संथ स्वभाव, आणि मोठा झाला की तासन्‌तास उघड्यावर बसणारा. पण तोही साइट्सच्या यादीत. आपल्याकडे वन्यजीव कायद्यात 2022 ची दुरुस्ती झाली तेव्हा साइट्समधल्या जातींसाठी वेगळी चौथी अनुसूची आली, आणि 2024 च्या नियमांप्रमाणे असा प्राणी बाळगायचा तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नोंदणी करायला माझी ना नव्हती, पण मुळात तो कायदेशीर मार्गाने आला याचा कागद विकणाऱ्याकडे पाहिजे ना. ज्यांना ज्यांना कागद मागितला, ते त्यानंतर बोलायचे बंद झाले. शिवाय त्याची मादी वीस वर्षं सहज काढते. पोरगी सासरी गेली तरी कोळी माझ्याचकडे.

वेस्ट इंडिजमधल्या मार्टिनिक बेटावरचा पिंकटो पाहिला. लहानपणी निळा, मोठेपणी हिरवा-लाल-जांभळा. त्याला दमटपणा लागतो आणि खेळती हवाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दोरीवरचं ओलं धोतर पंधरा मिनिटांत कडक होतं. सोडला तोही नाद.

उरला ग्रीन बॉटल ब्लू. शास्त्रीय नाव क्रोमॅटोपेल्मा सायनिओप्युबेसन्स, उच्चाराच्या वाटेला आम्ही गेलो नाही. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला पाराग्वाना म्हणून कोरडं, काटेरी झुडपांचं द्वीपकल्प आहे, तिथला. निळे पाय, हिरवट पाठ, केशरी पोट. आणि मुख्य म्हणजे हा बीळ खणत बसत नाही. झुडपाच्या बुंध्याशी, फांद्यांमध्ये जाड पांढरं जाळं विणतो आणि त्यावरच बसतो. जाळं हेच त्याचं घर, त्यामुळे घरात असला तरी दिसतो. मी शोधलं तेव्हा तो साइट्सच्या यादीतही नव्हता. तरी इथेच, पाळलेल्या जोडीपासून जन्मलेलं पिल्लू आणि पक्कं बिल, एवढ्यावर मी अडून राहिलो.

अंगचटीला जाण्यातला मात्र हा नाही. बिचकला की मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवतो, आणि ते अंगावर पडले की खाजकुयलीसारखं होतं. डोळ्यात गेले तर डॉक्टरच. म्हणून हातावर घ्यायचा नाही, डब्यात तोंड घालायचं नाही, हे पोरीकडून आधीच कबूल करून घेतलं.

पिल्लू मावसभाऊ दिवाळीला गावी येताना गाडीतून घेऊन आला. करंगळीच्या नखाएवढं. आईने डबी उजेडात धरली आणि म्हणाली, "यात निळं काय हाय? हे त मुंगळ्यावानी दिसते." खरंच होतं ते. पिल्लाच्या पोटावर केशरी-काळे पट्टे असतात, मोठ्याचा रंग एकेक कात टाकत येतो. विकणारे फोटो मोठ्या मादीचा दाखवतात, एवढं घेणाऱ्याने लक्षात ठेवावं.

आता भानगड. दुकानातून घरी आलो की माझ्या शर्टावर, हातांवर काय काय असतं ते माझं मला ठाऊक. कीटकनाशकाला किडा आणि कोळी यांतला फरक पाहायची सवय नाही. त्यामुळे संध्याकाळी आधी मोरीत हात-पाय, मग कपडे बदलायचे, मग डब्याला हात. मच्छरची अगरबत्ती त्या खोलीत बंद. डेंग्यूच्या दिवसांत ग्रामपंचायतीची फवारणीची गाडी आली की दार-खिडकी लावून फटींना ओलं फडकं. बायको म्हणाली, लेकरांसाठी कधी एवढं केलं नाही तुम्ही.

खाण्याचंही तेच. एका गिऱ्हाइकाने आपुलकीने विचारलं, "भाऊ, आमच्या वावरात पायजे तेवढे नाकतोडे हायेत, किडे इकत कायले घेता?" त्याच्या वावरात काय मारलंय ते माझ्याच बिलबुकात लिहिलेलं होतं. वावरातला एकही किडा डब्यात जात नाही. नागपूरहून पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानातून मीलवर्म नावाच्या अळ्या आणल्या, गव्हाच्या कोंड्यात त्या आपोआप वाढतात, वर गाजराचा तुकडा टाकला की झालं. पिल्लाला आठवड्यातून एक-दोन लहान अळ्या पुरतात.

डबा लावताना खरी मजा आली. दिसणारी जात निवडली म्हणजे ती दिसेलच असं नाही, त्याला समोर बसायचं कारण द्यावं लागतं. पिल्लाने जरा अंग धरल्यावर, म्हणजे डबीत मावेनासं झाल्यावर, हिंगणघाटातल्या काचवाल्याकडून समोर काच असलेली पेटी करून घेतली. दोन्ही बाजूंना समोरासमोर भोकं, हवा आरपार जायला. खाली कोरडं कोकोपीट, खत न मिसळलेलं. आमच्या दुकानातलं खत मिसळलेलं असतं, म्हणून नर्सरीतून आणलं. जाळं ताणायला काड्या पाहिजेत. पऱ्हाटीची काडी त्या कामाला फर्स्टक्लास, कोन चांगले असतात, पण तिच्यावर हंगामभर काय पडलं ते वर सांगितलंच. म्हणून फवारा न पोचणाऱ्या माळावरच्या बोरीच्या वाळक्या फांद्या आणल्या, काटे छाटले, उकळून उन्हात वाळवल्या.

या फांद्या मी मागे लावल्या नाहीत, काचेला टेकवून तिरक्या लावल्या. लपायला सालीचा तुकडाही काचेलाच चिकटून ठेवला, म्हणजे लपला तरी काचेतून दिसणार. मागची बाजू मोकळी ठेवली, तिथे धागा बांधायला काहीच नाही.

पहिले काही दिवस तो कोपऱ्यात पाय आखडून बसला. मग एका सकाळी पोरगी ओरडतच आली. दोन फांद्यांच्या मध्ये धुक्यासारखा पातळ पडदा होता. दुसऱ्या दिवशी तो जाड झाला, तिसऱ्या दिवशी त्यात बोट जाईल एवढी नळी तयार झाली आणि तिचं तोंड बरोबर काचेकडे. तो विणताना पाहिलं तर पोटाच्या टोकाची दोन लांब बोटं एकसारखी डावी-उजवीकडे फिरत असतात, अंग जागचं फारसं हलत नाही. शेजारच्या बायका कोळी पाहायला येतात आणि जाळंच पाहत बसतात.

उन्हाळ्याला पेटी कवेलूच्या जुन्या घराच्या माजघरात हलवली. मातीची भिंत जाड, बाहेर 45 असताना आत 33-34 च्या पुढे काटा जात नाही. कूलर त्या खोलीत लावत नाही, त्याची ओली हवा या जातीला सोसत नाही. पाण्याची लहान वाटी तेवढी भरलेली ठेवतो.

मेमध्येच त्याने खाणं सोडलं, नळीचं तोंड विणून बंद केलं आणि एके दुपारी आत उताणा पडला. आई म्हणाली, "मेला वाट्टे न बाप्पा." मेला नव्हता. टॅरँटुला कात टाकताना पाठीवरच पडतो, आणि तेव्हा पेटीला हातही लावायचा नाही. संध्याकाळपर्यंत जुनं कातडं बाजूला पडलं होतं आणि पायांवर पहिल्यांदा धड निळा रंग आला होता. अंग टणक होईस्तोवर पुढचे बरेच दिवस खायला दिलं नाही.

आता प्रश्न नर की मादी हा. नर असेल तर तीन-चार वर्षांचा धनी, मादी असेल तर दहा-बारा वर्षं कुठे गेली नाहीत. टाकलेल्या कातीचा पोटाकडचा भाग साबणाच्या पाण्यात मऊ करून पसरला, की वरच्या फुप्फुसांच्या जोडीमध्ये मादीची शुक्रपिशवी दिसते. या वेळची कात वाळून चुरगळली होती. पुढची ओली असतानाच उचलायची आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, असं पोरीने तिच्या विज्ञानाच्या सरांशी ठरवून ठेवलंय.