हातात एकच पान

बुधवारी दुपारी क्लबात माझा ब्रिजचा डाव चालू होता. डमीत, म्हणजे भिडूच्या टेबलावर उघड्या मांडलेल्या पानांत, चौकटचा राजा आणि गुलाम, आणि मी हातातून चौकटची तिर्री खेळलो. डावीकडचे गृहस्थ विचारात पडले. एकदा डमीकडे पाहिलं, एकदा पंख्याकडे. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सावकाश चौकटची पंजी ठेवली.

इतका विचार करतोय म्हणजे एक्का यांच्याकडेच, घ्यावा की सोडावा या पेचात असणार, असं मी धरलं आणि राजा लावला. उजवीकडून एक्का आला. पाठोपाठ चौकट परत आली आणि आमच्या चिंतनशील गृहस्थांनी ती हुकमानं मारली. म्हणजे चौकटचं पान त्यांच्याकडे होतं एकच!

संथ खेळणाऱ्यांवर माझा तसा राग नाही. तेरा पानांचा हात ६३,५०० कोटींहून जास्त तऱ्हांनी येऊ शकतो, माणूस गोंधळणारच. त्यातून हा खेळ आजच्या रूपात घडला तो बोटीवर. १९२५ साली पनामा कालव्यातून हवानाला जाताना हॅरोल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकसाहेबांनी गुणांची नवी पद्धत बसवली. समोर नुसता समुद्र असताना घाई कोण करणार? आम्हाला मात्र दोन बोर्डांना, म्हणजे आधीच वाटून ठेवलेल्या दोन डावांना, पंधरा मिनिटं. आमचे बोर्ड खालच्या टेबलाला जायचे, जोडी वरच्या टेबलाला. त्यामुळे एक टेबल अडलं की लक्ष्मी रोडवर टेम्पो आडवा लागल्यासारखं होतं. पुढची जोडी चहाचे कप घेऊन आपल्या डोक्यावर उभी. त्यांच्या नजरा मानेला जाणवतात. शेवटी डायरेक्टर, म्हणजे आमचे पंच, येऊन 'आता नवा बोर्ड काढू नका' म्हणतात आणि सगळे एकमेकांकडे, उशीर तुमच्यामुळेच झाला, अशा चेहऱ्यानं बघतात.

हेही मी सोसतो. सोसवत नाही तो एकाच पानावरचा विचार. निवडायला दुसरं पानच नाही तर विचार कसला करता? डायरेक्टरांनी विचारल्यावर गृहस्थ म्हणाले, "मी एकूण डावाचा विचार करत होतो." हे उत्तर प्रत्येक क्लबात मिळतं, बहुधा सभासदत्वाच्या फॉर्मबरोबरच देत असावेत.

खरं तर ब्रिजमध्ये वेळ नुसता जात नाही, तो बोलतो. बोली लावताना भिडू पास म्हणण्याआधी रेंगाळला की त्याच्याकडे बऱ्यापैकी पानं आहेत हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि नियम असा, की ते कळलं तरी कळलं नाही असं वागायचं! प्रतिस्पर्ध्यानं त्यावरून अंदाज बांधावा, चुकला तर सहसा त्याचं नशीब. पण भिडूनं नाही. मोठ्या स्पर्धांत टेबलावर तिरका पडदाच लावतात. बोलीची कार्डं ठेवलेला ट्रे त्याखालून सरकतो, आणि तो उशिरा आला तरी पलीकडच्या दोघांपैकी नेमकं कोण अडखळलं ते समजत नाही. हा पडदा घराघरांत मिळायला हवा. "माझ्या बहिणीकडे जाऊया का रविवारी?" या प्रश्नानंतर मी घेतलेल्या तीन सेकंदांचा अर्थ आमच्याकडे लगेच लावला जातो, आणि बोलवायला डायरेक्टर नसतो.

एका पानावर विचार करायची ही कला मी प्रथम पाहिली ती मोठ्या आत्याकडे. मे महिन्यातल्या दुपारी, माजघरात, सतरंजीवर. जेवणं झालेली, बाहेर ऊन मी म्हणत असलेलं, आजोबा आतून 'पत्ते कुटताय का अजून?' असं ओरडणारे. (२०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्णपदक आणलं, तेव्हा मला सगळ्यात आधी आजोबांची आठवण झाली. बर्धन साठीचे होते. साठ वर्षं कुटले तर पत्तेही पदक देतात, हे आजोबांना सांगायचं राहून गेलं.)

आत्या मेंढीकोट खेळायची. बारा हात होऊन गेलेले, तीन मेंढ्या वर आलेल्या, चौथी दश्शी कुणाकडे तरी अडकलेली. प्रत्येकाच्या हातात एकेक पान. आता विचार करण्यासारखं जगात काही उरलेलं नाही. तरी आत्या ते पान छातीशी धरून बसायची. आमच्या तोंडांकडे एकेक करून बघायची. "हुकूम काय आहे रे?" असं अगदी भोळेपणानं विचारायची. आम्ही "टाक की गं!" म्हणून सतरंजीवर हात आपटायचो, आणि मग ती ठाप्‌दिशी बदाम दश्शी नाहीतर हुकमाचा एक्का आपटायची. ब्रिजच्या नियमांत हिला रोज दंड झाला असता. आम्ही मात्र तिच्यासारखं करायला शिकत होतो.

गेल्या मे महिन्यात सगळे जमलो होतो. माजघरात आता फरशी आहे, आत्याला खाली बसवत नाही, म्हणून डाव डायनिंग टेबलावर. मी तिचा भिडू. बारा हात झाले, एकेक पान राहिलं. आत्या पान छातीशी धरून बसली. सगळे हसले. माझ्या पुतणीनं, जिला हे सगळं सांगून सांगून पाठ आहे, टेबलावर हात आपटला, "टाक की गं आजी!"

आत्या पानाकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं.

"हुकूम काय आहे रे?"

"इस्पिक," मी म्हटलं.

"हो, इस्पिक," ती म्हणाली. पान काही खाली आलं नाही.