पिवळं काडतूस आणि ओझार्कची पहाट

पहाटे साडेचारला मोटेलच्या खोलीतला दिवा लावला आणि चहाच्या आधी बंदुकीचा चोक हाताने पिळून पाहिला. घट्ट होता. नळीच्या तोंडात आट्यांवर बसणारा हा दोन-तीन इंचांचा पोलादी तुकडा, पण छर्‍यांचा झोत किती अंतरापर्यंत एकत्र राहणार ते हाच ठरवतो. बार काढता काढता तो आपसूक ढिला होत जातो. ढिल्या चोकातून बार काढला तर चोक तर जातोच, नळीच्या आट्याही जातात. म्हणून सवयच लावून घेतली आहे: बंदूक रिकामी असल्याची खात्री करायची, मग चोक पिळायचा, मग आधण ठेवायचं.

टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी मी आणि शेजारचे काका आदल्या दुपारी मिझुरीतल्या सेंट लुईसहून निघालो होतो. आय-४४ महामार्गाने क्यूबापर्यंत, तिथून रस्ता क्रमांक १९ धरून दक्षिणेला. स्टीलव्हिल, सेलम, राउंड स्प्रिंग अशी गावं मागे टाकत हा रस्ता ओझार्कच्या डोंगरात शिरतो आणि मग सरळ म्हणून जात नाही. एप्रिलच्या शेवटी इथे ओकची पालवी नुकती फुटलेली असते आणि त्या कोवळ्या हिरव्यात डॉगवुडची पांढरी फुलं हवेत तरंगल्यासारखी दिसतात. मुक्काम एमिनन्सला, जॅक्स फोर्क नदीच्या काठी. पाच-सहाशे वस्तीचं गाव. हंगामात मात्र पहाटे पाचला पेट्रोल पंपावर कॉफीसाठी रांग असते आणि रांगेतला प्रत्येकजण नखशिखान्त झाडोर्‍याच्या रंगात.

मिझुरीत टर्कीचा वसंत हंगाम तीन आठवड्यांचा. २०२५ साली तो २१ एप्रिलला सुरू झाला. मारायचा तो फक्त नर, किंवा छातीवर दाढी, म्हणजे केसांसारख्या पिसांचा झुबका, दिसणारा पक्षी. सार्वजनिक जमिनीवर सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून दुपारी एकपर्यंतच बंदूक उचलता येते, आणि ४ नंबरपेक्षा मोठे छर्रे चालत नाहीत (नंबर जितका मोठा, तितका छर्रा बारीक). हे नियम मला जाचक वाटत नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने हा पक्षी इथून संपत आला होता. संवर्धन खात्याने जाळी टाकून पक्षी धरले, रिकाम्या रानांत नेऊन सोडले, आणि १९६० साली १४ काउंट्यांत फक्त तीन दिवसांचा हंगाम उघडला. त्या वर्षी मिळाले ९४ पक्षी. इतक्या कष्टाने परत आणलेला पक्षी आपल्या चुकीच्या हत्यारामुळे जखमी होऊन कुठेतरी झुडपात मरावा, हे मला सहन होत नाही. ही सगळी खटाटोप त्यासाठी.

शिकार मला आमच्या शेजारच्या काकांनी शिकवली. सत्तरी ओलांडली आहे त्यांनी. तोंडावर मी त्यांना नावानेच हाक मारते, तिथली रीतच तशी. पण मनात ते काकाच आहेत. पहिल्या वर्षी हंटर एज्युकेशनचा कोर्स संपवून मी त्यांची बारा बोअर बंदूक (बोअर हे नळीच्या रुंदीचं माप, आकडा लहान तितकी नळी रुंद) उसनी घेतली आणि आम्ही ऑगस्ट ए. बुश संवर्धन क्षेत्रातल्या रेंजवर गेलो. पुठ्ठ्यावर टर्कीचं डोकं आणि मान काढलेली, अंतर ३० यार्ड. मी माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा मणी, बरोबर मानेवर धरली आणि चाप ओढला. मानेत दोन-तीनच छर्रे. दाट झोत बसला होता डोक्याच्या वीतभर वर.

दुसरा बार, तोच प्रकार. तिसर्‍याला तर मी डोळेच मिटले, कारण साडेतीन इंची मॅग्नम काडतूस होतं आणि ती बंदूक खांद्यात लाथ मारत होती. काकांनी मला थांबवलं. म्हणाले, "बंदूक चुकत नाहीये. दस्ता तुझ्यासाठी लांब आहे, म्हणून तुझा गाल त्यावर टेकतच नाही. गाल उचलला की छर्रे वर जाणार." छर्‍याच्या बंदुकीला पुढे एकच माशी असते, मागची खाच नसते. मागची खाच म्हणजे आपला डोळा. तो अर्धा इंच वर सरकला की पुढे सगळं वर सरकतं. माझी उंची पाच फूट दोन इंच, आणि त्या बंदुकीचा दस्ता सहा फुटी माणसाच्या हाताला बेतलेला. त्यात मी जाड जाकीट घातलेलं. बायकांना हौसेने मोठी बंदूक हातात देणार्‍या प्रत्येकाने आधी त्यांना रानातल्याच कपड्यांत, हातमोजे आणि तोंडावरची जाळी चढवून, झाडाला टेकून जमिनीवर बसवावं आणि दस्ता गालाला लागतो का ते पाहावं. टेबलावर वाळूच्या पिशवीत रोवलेली बंदूक छान नेम दाखवते, पण रानात टेबल नसतं.

मग मी आखूड दस्त्याची वीस बोअर घेतली, ऑटोलोडर, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप चढवणारी. वीस बोअरची काडतुसं पिवळी असतात आणि त्यामागे कारण आहे. वीसचं काडतूस चुकून बारा बोअरमध्ये टाकलं तर ते घरंगळत पुढे जाऊन नळीत अडकतं. मागून चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रिकामं दिसतं. मग त्यामागे बाराचं काडतूस भरून बार काढला की नळी फुटते, आणि डावा हात नेमका तिथेच असतो. माझ्या जाकिटाच्या खिशात जुन्या सरावाची दोन बारा बोअर काडतुसं एकदा काकांना सापडली, तेव्हा त्या शांत माणसाचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. आता माझ्या जाकिटात फक्त पिवळी काडतुसं असतात.

मला तेव्हा कुडाळची आठवण झाली. आजोबांकडे शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. ती हातात घेतली की ते आधी गज नळीत सोडत. गजावर एक खूण कोरलेली होती. खूण नळीच्या तोंडाशी आली तर बंदूक रिकामी, वर राहिली तर आत काहीतरी आहे. रोज, अगदी स्वतःच ठेवलेली बंदूक असली तरी.

वीस बोअरसाठी मी टंगस्टनची काडतुसं निवडली. शिशाची घनता घन सेंटीमीटरला ११.३ ग्रॅम, या टंगस्टन छर्‍यांची १८. म्हणून ९ नंबरचा बारीक दाणाही दूरवर जोर टिकवून धरतो, आणि दीड औंसात असे पाचशेहून जास्त दाणे मावतात. महाग फार, एकेक काडतूस कित्येक डॉलरला पडतं. त्यामुळे बरेच लोक स्वस्त काडतुसावर नेम तपासतात आणि रानात महागडं भरतात. हे मला अजिबात पटत नाही. तोच चोक आणि तीच बंदूक असूनही काडतूस बदललं की झोताची जागा आणि दाटी दोन्ही बदलतात. मी तीन काडतुसं पुठ्ठ्यावर खर्च केली. ४० यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर, दहा इंची वर्तुळात शंभर छर्रे ही तिथली रूढ कसोटी. माझे दोनशेच्या वर बसले. त्यात खूश होऊन मी घरी निघणार होते, तेवढ्यात काकांनी पुठ्ठा १० यार्डांवर आणून लावला. बार काढला. मुठीएवढं एकच भोक, बाजूला चुकार छर्रेही मोजकेच. "हे लक्षात ठेव," ते म्हणाले. लांबच्या पक्ष्यासाठी आपण इतका आवळ चोक लावतो आणि पक्षी येतो अंगणातल्या कोंबडीइतका जवळ. तिथे ती बंदूक जवळजवळ रायफल असते. मूठभर चुकलं की पूर्ण चुकलं.

गेल्या वर्षी मात्र मी वेगळ्याच ठिकाणी चुकले. अंधारात झाडाखाली बसले, वर फांदीवर पक्षी झोपलेले. आवाज नको म्हणून बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा तुकडा, सोडून न देता हाताने धरून हळूच पुढे नेला. बंद झाला असं वाटलं. तासाभराने नर समोर आला, मी चाप ओढला आणि नुसती 'टक्' झाली. माझ्या ऑटोलोडरचा बोल्ट स्प्रिंगच्या पूर्ण जोराने पुढे आपटला तरच त्याचं डोकं फिरून कुलूप बसतं. हळूच नेला तर तो केसभर मागे राहतो, आणि अंधारात ते दिसत नाही. नराने मान ताठ केली, एक तुटक 'पट्' आवाज काढला आणि तो गेला. काडतुसाचा बार उशिरा उडण्याची शक्यता असते, म्हणून मी नळी मातीकडे धरून अर्धा मिनिट तशीच बसून राहिले. हात थरथरत होते.

यंदा बंदूक मी गाडीपासून थोडं चालून गेल्यावर, पक्ष्यांच्या झाडापासून खूप लांब असतानाच भरली. बोल्ट सोडला, तो खणकन आपटला, वर हाताच्या टाचेने बोल्टची मूठ पुढे दाबून पाहिली. सेफ्टी लावली. पट्ट्याच्या कड्यांवर कापडी टेप गुंडाळलेली होती, कारण त्या कुरकुरतात आणि टर्कीचे कान तिखट असतात. काकांच्या बंदुकीला लाल ठिपक्याची दुर्बीण आहे. तिचा सेल त्यांनी मोटेलमध्येच बदलला होता. लाल, पांढरं, निळं काही अंगावर दिसणार नाही हे एकमेकांचं तपासलं. नराच्या डोक्याचे रंग तेच, आणि रानात दुसराही कोणी नेम धरून बसलेला असू शकतो.

मार्क ट्वेन राष्ट्रीय वनात, खांद्यापेक्षा रुंद अशा एका पांढर्‍या ओकला पाठ लावून बसलो. व्हिप-पुअर-विल ओरडत होता, आपल्या रातव्याचाच भाऊबंद. मग दरीतून घुबडाचा हुंकार आला आणि त्याला उत्तर म्हणून कड्यावरून नर टर्कीची पहिली गर्जना. काकांनी पाटीवर काडी घासून मादीचा आवाज दोनदा काढला आणि पाटी खाली ठेवून दिली.

चाळीस मिनिटं काहीच नाही. मग पडलेल्या झाडामागून आधी पंख्यासारखी शेपटी वर आली. पिसं फुलवलेला, डोकं पांढरं, मान लालभडक आणि खांद्यांत ओढून घेतलेली. १८ यार्ड, फार तर. माझा गाल दस्त्यावर होता, हे मी स्वतःला विचारून घेतलं. फुललेल्या नरावर बार काढू नये. मान आत ओढलेली असते आणि छर्रे छातीत जातात. मी थांबले. काकांनी जिभेने एक 'क्लक' केलं. पक्ष्याने पिसं मिटली आणि मान उंच केली, आणि माशी मानेच्या मध्यावर असताना मी चाप ओढला.

तो जागीच पडला. सेफ्टी लावली, चालत गेले, त्याच्या ब्राँझ पिसांवर हात ठेवला आणि थोडा वेळ तिथेच बसले. उन्हात ती पिसं हिरवी, तांबडी, परत हिरवी होत होती. काकांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि पक्ष्यावर नारिंगी कापड टाकलं, उचलून नेताना कोणाला जिवंत टर्की वाटू नये म्हणून. फोनवरून खात्याला नोंद दिली. वजन २१ पौंड भरलं.

रविवारी घरी छाती वेगळी काढून ठेवली. पायांत शिरा फार असतात, म्हणून ते कुकरला लावले आणि कुडाळहून आलेल्या मसाल्याचा, भाजलेल्या खोबर्‍याचा रस्सा केला. नवर्‍याने गेल्या थँक्सगिव्हिंगला कोणाकडच्या तरी बदकात छर्रा चावला होता, त्यामुळे तो प्रत्येक घास जपून चावत होता. काका पलीकडे बसून भाकरी मोडत त्याच्याकडे बघत होते. ताट रिकामं झालं. त्याने कडेला काढून ठेवलेली हाडं बोटाने चाचपली आणि मान हलवली. एकही नव्हता.