क्रिअनलॅरिखला गाडीचे दोन तुकडे

स्कॉटलंडच्या वेस्ट हायलँड लाइनवर बहुतेक लोक येतात ते ग्लेनफिनॅनच्या पुलासाठी. पाहिला तो. काँक्रीटच्या २१ कमानी, खाली दरी, आणि खिडक्यांपाशी इतके मोबाइल की दरी बघायला मान वाकडी करावी लागते. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही. ज्या गाडीने ही सगळी मंडळी पुलावर नेऊन सोडली, तिच्याकडे डबाभर माणसांत कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. मला राग त्याचा आला.

गाडी म्हणजे क्लास १५६, 'सुपर स्प्रिंटर'. मेट्रो-कॅमेलने १९८७ ते १९८९ दरम्यान बर्मिंगहॅममध्ये दोन-दोन डब्यांचे ११४ संच बांधले, त्यांतलीच ही. डिझेलची बहुडबा गाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुणे-दौंडची डेमू येते. तिच्यात पॉवर कारमध्ये इंजिन, इंजिनावर जनरेटर आणि चाकांना विजेच्या मोटारी. इथे चाकांपर्यंत विजेचा संबंधच नाही. प्रत्येक डब्याच्या पोटाखाली आडवं निजवलेलं कमिन्सचं १४ लिटरचं इंजिन, ताकद २८५ अश्वशक्ती. त्यापुढे फॉइथची हायड्रॉलिक ट्रान्समिशन, तिथून शाफ्ट, आणि डब्याखालच्या दोन बोगींपैकी (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, त्याखालचा चाकांचा वळणारा सांगाडा) एकीचीच चाकं फिरणार. ७० टनांच्या आसपासच्या जोडीला मिळून ५७० अश्वशक्ती. सपाटीवर ताशी ७५ मैलांची परवानगी असलेली ही गाडी डोंगरात का रडतखडत चालते, ते या हिशेबातच आलं.

तिचा तो प्रसिद्ध आवाजही ट्रान्समिशनमुळेच आहे. खालच्या वेगात ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून जाते. तेल फिरतं, तेलाच्या जोरावर कन्व्हर्टरमधलंच पुढचं चाक फिरतं, आणि इंजिनाचे फेरे गाडीच्या वेगाशी बांधलेले राहत नाहीत. म्हणून स्टेशनातून निघताना आधी इंजिन ओरडतं आणि मग गाडी हलते. ताशी ४५ मैलांच्या आसपास कन्व्हर्टर सुटून साधं द्रव-कपलिंग लागतं. आवाज एकदम खाली उतरतो, मग वेगाबरोबर पुन्हा चढू लागतो. ग्लासगोच्या उपनगरांत हा बदल ऐकू येतो. हेलेन्सबरा अप्पर सोडलं की चढ आणि वळणं अशी लागतात, की तो वेग क्वचितच गाठला जातो. गेअर लॉखच्या (लॉख म्हणजे सरोवर किंवा खाडी) वर आणि पुढे ग्लेन फॅलॉकच्या दरीत ६०ला १ च्या आसपासचे चढ आहेत. तिथे चालकाचा हात ताकदीच्या दांड्याच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या खाचेवर, इंजिन पूर्ण फेऱ्यांवर आणि वेग जेमतेम. शेजारचे प्रवासी 'काय हा जुनाट खटारा' अशा नजरेने जमिनीकडे बघतात. पण जुनेपणाचा इथे काही संबंध नाही; नव्या कोऱ्या अवस्थेतही ती या चढावर अशीच ओरडत असणार.

कन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी ताकद उष्णता होऊन कूलिंगच्या पाण्यात उतरते, आणि खरी अडचण तिथून सुरू होते. रेडिएटरही डब्याखालीच. शरद ऋतूत पाला आणि रुळांवरची घाण जाळीत बसली की हवा कमी खेळते, पाणी तापतं आणि इंजिन स्वतःहून बंद पडतं. गाडी थांबत नाही, कारण दुसऱ्या डब्याचं इंजिन दोन्ही डबे ओढतं; मात्र अर्ध्या ताकदीवर, आणि ओल्या रुळांवर चाकं घसरत. डब्यातली ऊबही इंजिनाच्याच पाण्यावर असल्यामुळे बंद इंजिनाच्या डब्यात हळूहळू गारठा भरतो. अचानक फार शांत झालेल्या डब्यात बसला असाल तर खुश होऊ नका, शेजारच्या डब्यात जा.

आता क्रिअनलॅरिख. ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून निघालेली जोडगाडी इथे तुटते. एक भाग ओबानला, दुसरा फोर्ट विल्यम आणि मालेगला. या गाड्यांची तोंडं साधी वाटतात, पण तिथला बीएसआय कप्लर, म्हणजे गाड्या जोडणारा आकडा, एकाच धक्क्यात यांत्रिक पकड, हवेचे पाइप आणि विजेचे संपर्क असं सगळं जोडतो. खाली उतरून साखळी अडकवायला माणूस लागत नाही. तोडताना आधी मधली दारं बंद होतात (१५६ला दोन्ही टोकांना जाण्यायेण्याची वाट आहे, चालकाची केबिन म्हणजे एका कडेचा कोनाडा), मग केबिनमधलं बटण, पकड सुटते, पुढचा भाग निघून जातो. बघणाऱ्याला दोन मिनिटांचा खेळ. त्याच वेळी डब्यांत मात्र पळापळ. गार्डने तीनतीनदा सांगूनही कुणीतरी चुकीच्या भागात बसलेलं असतं, आणि त्याची बॅग नेमकी सर्वांत आतल्या रॅकवर. डब्याबाहेरची पाटी बघून चढा, तिकिटावरचा डब्याचा क्रमांक बघा. ग्लासगोला एवढं केलं तर पुरे.

ओबानच्या भागाला २०२१पासून कधीकधी एकुलता डबा जोडलेला दिसतो, क्लास १५३. लेलँडच्या बहुतेक दोनडबी १५५ गाड्या १९९१-९२ मध्ये किल्मारनॉकला मधोमध तोडून प्रत्येक डबा स्वतंत्र केला गेला. नव्या टोकाला केबिन कोंबावी लागली, ती इतकी चिंचोळी आहे की चालकाची दया येते. स्कॉटलंडमध्ये यातल्या पाच डब्यांना सायकलींसाठी रॅक बसवले, एका डब्यात वीस सायकली. तिशी ओलांडलेल्या डब्याचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही. त्यांचेच समवयस्क पेसर, बसचा सांगाडा दोन आसांवर ठेवून केलेले, २०२१पर्यंत निवृत्तही झाले. वळणावर त्यांची चाकं किंचाळत, आणि कॉर्नवॉलच्या फाट्यांवरून तर ते थोड्याच वर्षांत हलवावे लागले. १५६ला बोगी असल्यामुळे ती निदान वळते.

पुढे टिंडरम सोडल्यावर बेन डोरेनच्या पायथ्याशी मार्ग घोड्याच्या नालेसारखा फिरतो. दरीवरून थेट पूल बांधायला कंपनीकडे पैसे नव्हते, म्हणून हा वळसा. मग रॅनॉक मूरचं माळरान, कोरूर स्टेशन, पाऊस. फोर्ट विल्यमचा मुक्कामही पावसातच.

जागेचा सल्ला सगळे देतात: 'डावीकडे बसा'. अर्धाच बरोबर आहे. ग्लासगोहून गेअर लॉख आणि लॉख लाँग डावीकडे, पण लॉख लोमंड उजवीकडे. शिवाय फोर्ट विल्यमला गाडी उलट दिशेने निघते, म्हणजे तुमची डावी खिडकी आता उजवी. ग्लेनफिनॅनला लॉख शील दिसतं ते डावीकडून, तेव्हा तिथे जागा बदलावीच लागते.

परतीत क्रिअनलॅरिखला उलटा खेळ. ओबानचा भाग उशिरा आला की दुसरा वाट बघत उभा. मार्ग एकेरी, गाड्या फक्त ठरावीक स्टेशनांत एकमेकींना ओलांडणार, आणि पुढच्या टप्प्याचं टोकन, म्हणजे पुढे जायची परवानगी, बनावीच्या सिग्नल केंद्रातून रेडिओवर मिळाल्याशिवाय कुणी हलणार नाही. त्यामुळे एकीचा उशीर दुसरीला चिकटतो. त्यात कप्लरच्या तोंडावर बर्फ किंवा घाण बसली असेल तर पकड लागते पण विजेचे संपर्क नीट जुळत नाहीत. दारं बंद झाल्याचा संकेत केबिनमध्ये येत नाही, आणि तो नसेल तर गाडीला ताकदच मिळत नाही. मग सोडा, पुसा, पुन्हा जोडा. ग्लासगोत लंडनची गाडी सेंट्रलहून सुटते आणि क्वीन स्ट्रीटपासून तिथे चालत दहा मिनिटं लागतात. त्या गाडीचं न बदलता येणारं स्वस्त तिकीट काढणार असाल तर मध्ये किमान दीड तास ठेवा.