ला पाझ: जितकं खाली, तितकं श्रीमंत

बोलिव्हियातल्या ला पाझ शहराचा विमानतळ ला पाझमध्ये नाही. तो वरच्या पठारावर, एल आल्तो नावाच्या वेगळ्याच शहरात आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,०६० मीटरवर. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी साडेसातशे मीटर चढायचे बाकी राहतील. सामानाच्या पट्ट्यापर्यंत पोचेस्तोवर माझं डोकं ठणकायला लागलं होतं. उतरण्याच्या जागी मालकीणबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारताच कोकाच्या पानांचा गरम काढा पुढे केला. चव साधारण गवती, कडवट. गुण येतो की नाही यावर डॉक्टरांनी वाद घालावेत. मी प्यायले आणि गप्प पडून राहिले.

विमानतळावरून खाली येताना पठार एकाएकी संपतं. पुढे कडा, आणि कड्याखाली एक अवाढव्य वाडगा, काठापासून तळापर्यंत विटांच्या न गिलावलेल्या घरांनी भरलेला. समोर इयिमानीचा ६,४३८ मीटरचा हिमाच्छादित डोंगर. स्पॅनिश लोकांनी १५४८ मध्ये शहर वसवलं आणि पठारावरच्या बोचऱ्या वाऱ्यापासून वाचण्यासाठी ते या वाडग्यात नेलं. त्यामुळे झालं असं की, या गावात माणसाची ऐपत उंचीवरून ओळखता येते. काठावर ४,१०० मीटरवर एल आल्तो: आयमारा या मूलनिवासी लोकांचं, थंड, धुळीचं. मधोमध ३,६०० च्या आसपास जुनं शहर, कचेऱ्या, बाजार. आणि अगदी तळाशी, ३,३०० मीटरवर, दक्षिणेकडचा भाग: बागा, वकिलाती, मॉल, बाहेर कोवळ्या उन्हात कॉफी पिणारी मंडळी. ऑक्सिजनसुद्धा तिथे जास्त. मला वाटतं, जगात इतका उघड वर्गभेद दुसरीकडे कुठे भूगोलाने आखून दिलेला नसेल.

पण खालच्यांची एक गोची आहे. विमानतळ वर, मुख्य रस्ते वर, पेट्रोल-गॅसचा सेंकाताचा साठाही वर. वरच्यांनी रस्ता अडवला की खालचं शहर उपाशी. बोलिव्हियाचं निम्मं राजकारण या एका गोष्टीत आहे.

ही युक्ती आजची नाही. १७८१ मध्ये हूलियान आपासा नावाच्या आयमारा व्यापाऱ्याने तुपाक कातारी हे नाव घेतलं, पत्नी बार्तोलिना सिसाला बरोबर घेतलं आणि हजारोंच्या सैन्यानिशी याच काठावरून ला पाझला वेढा घातला. मधला थोडा खंड धरून वेढा सहा महिन्यांहून जास्त चालला. आत हजारो माणसं भुकेने आणि रोगाने मेली. लोक कातडी आणि कुत्री-मांजरं खाऊन जगले असं सांगतात. शेवटी तुपाक कातारी फितुरीने पकडला गेला आणि १५ नोव्हेंबर १७८१ रोजी चार घोड्यांना हातपाय बांधून त्याला फाडण्यात आलं. बार्तोलिनाला पुढच्या वर्षी मारलं. "मी परत येईन, आणि तेव्हा लाखोंनी येईन" हे वाक्य मरताना तो म्हणाला असं मानतात. खरंच म्हणाला की नाही, देव जाणे. पण ते वाक्य एल आल्तोच्या भिंतींवर आजही आहे आणि बोलिव्हियाने २०१३ मध्ये चीनमधून सोडलेल्या पहिल्या उपग्रहाचं नावही तुपाक कातारीच.

मधल्या शहरात मुरियो चौक आहे. कबुतरं, आइसक्रीमवाले, रांगेने बसलेले म्हातारे. आणि भोवती सगळी सत्ता. राष्ट्राध्यक्षांच्या जुन्या वाड्याला सगळे ‘जळका वाडा’च म्हणतात, कारण १८७५ मध्ये बंडखोरांनी तो पेटवून दिला होता. समोरच्या दिव्याच्या खांबाला २१ जुलै १९४६ रोजी जमावाने राष्ट्राध्यक्ष ग्वाल्बेर्तो विय्यारोएल यांचा मृतदेह लटकवला. आज त्याच चौकात त्यांचा अर्धपुतळा आहे. संसदेच्या दर्शनी भागावरचं घड्याळ २०१४ पासून उलटं फिरतं. आकडे उलटे, काटेही उलटे. दक्षिण गोलार्धात सूर्यघड्याळाची सावली अशीच सरकते, मग आम्ही उत्तरेचं वळण का गिरवायचं, असा सरकारचा युक्तिवाद. मला तो पटला. वेळ बघायला मात्र मोबाइलच काढला.

१९५२ च्या क्रांतीआधी या चौकात मूलनिवासी माणसाला पाऊल ठेवू देत नसत. त्या क्रांतीने सगळ्यांना मताचा हक्क दिला, कथलाच्या मोठ्या खाणी सरकारजमा केल्या आणि पुढच्या वर्षी जमीन वाटपाचा कायदा आणला. आज चौकाच्या बाकांवर पोयेरा म्हणजे घेरदार घागरा नेसलेल्या, दोन लांब वेण्या सोडलेल्या आणि डोक्यावर गोल काळी टोपी तिरपी ठेवलेल्या बायका निवांत गप्पा मारत बसलेल्या दिसतात. ती टोपी पिनेशिवाय कशी टिकते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मध्ये मी पोटोसीला जाऊन आले. तिथल्या सेर्रो रिको डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या ४,००० मीटरवरच्या उजाड गावात दीड लाखाच्या वर वस्ती होती. स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदोने ‘मिता’ची सक्ती बसवली: गावोगावच्या पुरुषांनी पाळीपाळीने खाणीत राबायचं. किती मेले याचा हिशेब लागत नाही. जुन्या टांकसाळीत चांदीचे पत्रे लाटणारी लाकडी चाकं अजून उभी आहेत. वरच्या मजल्यावर दातेरी चाकं, खालच्या मजल्यावर त्यांना जोडलेला दांडा आणि तो गोल गोल फिरवणाऱ्या खेचरांची जागा. चाकाचे दात एकेक करून हाताने घडवलेले, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. बोट फिरवायला मनाई आहे; रखवालदार दुसरीकडे बघत होता तेवढ्यात मी फिरवलं.

इथली नाणी युरोपमार्गे थेट आपल्यापर्यंत आली. स्पॅनिश रियाल सुरतेच्या टांकसाळीत वितळवून त्यांचे मोगली रुपये पाडले जात. म्हणजे १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेहून जो ऐवज राजगडाकडे नेला, त्यात या डोंगरातली थोडी चांदी नक्की असणार. पुरावा माझ्यापाशी काही नाही, पण टांकसाळीच्या अंगणात उभं राहून हा विचार डोक्यातून जाईना.

चांदी सरली, मग कथिल आलं. आणि १९८५ मध्ये कथिलाचा भाव जगभर कोसळला. महागाईने देश आधीच लोळवला होता. सरकारने २१०६० क्रमांकाचा हुकूम काढून सरकारी खाणींना कुलपं लावली आणि वीस हजारांहून जास्त खाणकामगार घरी बसले. त्यांतले काही चापारे नावाच्या भागात कोका पिकवायला गेले, आणि बरेचसे बिऱ्हाड पाठीवर टाकून एल आल्तोला आले. हे लक्षात घेतल्याशिवाय एल आल्तो समजत नाही. खाणकामगारांनी बरोबर भांडीकुंडी आणली तशी युनियनही आणली. सभा कशी घ्यायची, हजेरी कशी लावायची, संपाच्या वेळी चूल सामायिक कशी पेटवायची, हे सगळं गल्लीगल्लीत रुजलं. पाणी हवं, वीज हवी, तर वस्तीची कमिटी रस्त्यावर. गैरहजर राहिलात तर दंड.

ऑक्टोबर २००३ मध्ये त्याचा प्रत्यय आला. राष्ट्राध्यक्ष गोन्सालो सांचेस दे लोसादा यांना देशाचा नैसर्गिक वायू चिलीच्या बंदरातून उत्तर अमेरिकेला विकायचा होता. ज्या चिलीने १८७९ च्या युद्धात बोलिव्हियाचा अख्खा समुद्रकिनारा गिळला, त्याच्याच बंदरातून! (तो किनारा बोलिव्हिया विसरलेला नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१८ मध्ये चिलीच्या बाजूने निकाल दिला तरी २३ मार्चला समुद्र दिन पाळतात, आणि समुद्र नसलेल्या या देशाकडे नौदल आहे; ते तितिकाका सरोवरात कवायत करतं.) एल आल्तोने रस्ते अडवले. रेल्वेचे डबे ढकलून महामार्गावर आडवे टाकले. खाली इंधन संपलं, पाव संपला. सैन्याच्या पहाऱ्यात टँकर उतरवताना गोळीबार झाला. त्या सगळ्या आंदोलनात साठाहून जास्त माणसं मेली. १७ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला आणि ते अमेरिकेला निघून गेले.

डिसेंबर २००५ मध्ये इव्हो मोरालेस निवडून आले ते या लाटेवर. आयमारा घरातला, लहानपणी लामा नावाची जनावरं राखणारा, चापारेच्या कोका शेतकऱ्यांचा पुढारी. पहिल्या वर्षीच वायूवर सरकारचा ताबा, २००९ मध्ये नवी राज्यघटना, स्पॅनिशबरोबर ३६ मूलनिवासी भाषांना अधिकृत दर्जा, आणि तिरंगी झेंड्याच्या बरोबरीने सात रंगांच्या चौकटींचा विफाला, म्हणजे मूलनिवासींचा झेंडा. अतिगरिबी निम्म्याहून खाली आली. पण गडी खुर्ची सोडेना. सलग दोनच कारकिर्दी, असं त्यांच्याच घटनेत लिहिलेलं. २०१६ मध्ये ते बदलायला सार्वमत घेतलं, ते हरले; मग घटना न्यायालयाने पुन्हा उभं राहणं हा मानवी हक्क ठरवून टाकला. २०१९ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर दंगे पेटले, लष्कराने पायउतार व्हायला सुचवलं आणि इव्हो मेक्सिकोला गेले. जानिने आन्येस यांचं हंगामी सरकार आलं, आणि काही दिवसांतच सेंकाताच्या साठ्यापाशी नाकेबंदी करणाऱ्यांवर गोळ्या चालल्या. तिथे किमान १० मेले.

इव्होंच्या काळातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हवेतली केबल गाडी. २०१४ मध्ये पहिल्या तीन मार्गिका सुरू झाल्या, लाल, पिवळी आणि हिरवी, म्हणजे राष्ट्रध्वजाचेच रंग. आता दहा आहेत. मी गेले तेव्हा भाडं तीन बोलिव्हियानो होतं. मिनीबसमध्ये लटकत तासभर जायचा तिथे दहा मिनिटांत काठावर. लाल मार्गिका मोठ्या दफनभूमीवरून जाते. मृतांच्या कोनाड्यांच्या इमारती, त्यांवरची फुलं आणि रंगवलेली चित्रं वरून स्पष्ट दिसतात. माझ्या डब्यात एक आजी होत्या, पाठीवर आग्वायो नावाच्या रंगीत कापडाच्या गाठोड्यात मक्याची कणसं. शेजारी टाय लावलेला बँकेतला मुलगा. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते आणि दोघंही खिडकीबाहेर बघत होती.

गुरुवारी आणि रविवारी वर जुलैच्या सोळा तारखेच्या नावाने बाजार भरतो. जुने कपडे, गाड्यांची इंजिनं, नळ, कोंबडीची पिल्लं, लग्नाचे झगे, मैलोन्मैल. एका कोपऱ्यात बाकड्यावर बसून मी आपी प्यायले. जांभळ्या मक्याचं दाट, गरम पेय, दालचिनी-लवंग घातलेलं. सोबत चीज भरलेली, फुग्यासारखी तळलेली पुरी, वर पिठीसाखर. चटका बसतो, मग थांबवत नाही. बाजारापलीकडे फ्रेडी मामानी या आर्किटेक्टच्या धाटणीच्या भडक इमारती दिसतात: तळाला दुकानं, वर झुंबरांचा लग्नाचा हॉल, त्यावर भाड्याची घरं आणि गच्चीवर मालकाचा बंगला. हे चीनशी व्यापार करून पैसेवाले झालेले आयमारा व्यापारी. पैसा आला तरी खाली राहायला जायचं नाही, गच्चीवर बंगला बांधायचा. माझ्या सुरुवातीच्या सिद्धांताला हे चांगलंच भोक.

मी गेले ते २०२५ साल, ऑगस्टच्या निवडणुकीच्या तोंडावर. स्वातंत्र्याची दोनशे वर्षं भरत होती आणि डिझेलसाठी ट्रकांच्या रांगा लागलेल्या. वायूचं उत्पादन घटलेलं, डॉलर मिळेनासे. सरकारी दर एका डॉलरला ६.९६ बोलिव्हियानो, गल्लीतला दर त्याच्या जवळपास दुप्पट. राष्ट्राध्यक्ष लुईस आर्से आणि इव्हो मुळात एकाच पक्षाचे, पण एकमेकांचं तोंड बघत नव्हते. रांगेतल्या एका ट्रकवाल्या काकांना मी विचारलं, मत कुणाला? त्यांनी दोघांच्याही नावाने अशी काही शिवी हासडली की माझी मोडकी स्पॅनिशही पुरली. मधला थोडा खंड धरून त्या पक्षाची वीस वर्षांची सद्दी पहिल्याच फेरीत संपली, पक्षाला तीन टक्क्यांच्या आसपास मतं पडली, आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या फेरीत मध्यममार्गी रोद्रिगो पास निवडून आले. एल आल्तोनेही त्यांनाच साथ दिली.

जाणार असाल तर पहिले दोन दिवस काही ठरवू नका, शक्य झाल्यास आधी खालच्या भागात मुक्काम करा आणि रात्री पोटभर जेवू नका. बाजारात पिशवी पोटाशी धरा. ओरुरो, कोपाकबाना कुठेही बसने निघण्याआधी रस्ता उघडा आहे का ते स्टँडवर विचारा. तिथला रस्ते विभाग कुठे नाकेबंदी आहे याचा नकाशा रोज इंटरनेटवर टाकतो, दरडी आणि धुक्याच्या सूचनांबरोबरच.