बडोद्याहून परदेशी मास्टर्स स्पर्धेला: आधी हीट, मग तिकीट

विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी काढायचं. आमच्या पूलवर कुणी परदेशी मास्टर्स, म्हणजे पंचविशीपुढच्यांच्या, जलतरण स्पर्धेची चौकशी करायला आलं की मी आधी हेच सांगतो, कारण तारखा जाहीर झाल्या रे झाल्या की लोकांना स्वस्त तिकिटाची घाई सुटते. जाहीर होतात त्या सबंध महोत्सवाच्या तारखा. 2025 ची सिंगापूरची जागतिक मास्टर्स स्पर्धा 26 जुलै ते 22 ऑगस्ट अशी चालली. तीत वॉटर पोलो, डायव्हिंग, ओपन वॉटर (पूलबाहेरच्या खुल्या पाण्यातलं पोहणं) असं सगळंच होतं. आपली 50 मीटर ब्रेस्टस्ट्रोक त्यातल्या नेमक्या कोणत्या दिवशी आहे ते शर्यतवार वेळापत्रक आल्यावरच कळतं. तोवर हॉटेल घ्यायचं ते फुकट रद्द करता येणारं, आणि विमानाचे नुसते भाव बघून ठेवायचे.

कामाला हात घालायचा तो वयापासून. मास्टर्समध्ये 25 वर्षं पूर्ण लागतात आणि गट पाच-पाच वर्षांचे: 25 ते 29, 30 ते 34, असे वर चढत जातात. वय मोजतात ते स्पर्धेच्या वर्षाच्या 31 डिसेंबरला. नोव्हेंबर 1977 चा जन्म असेल तर 2027 च्या जुलैमधल्या स्पर्धेत तुम्ही प्रत्यक्षात 49 चे असाल, पण पोहाल 50 ते 54 मध्ये. ही पर्वणीच म्हणायची, कारण गटातले सर्वांत तरुण तुम्हीच असता. ज्यांचं नशीब उलटं, गटाचं शेवटचं वर्ष, त्यांनी पदकाचा विचार असेल तर एक वर्ष थांबायला हरकत नाही. रिलेत चौघांच्या वयांची बेरीज करतात आणि 120 ते 159, 160 ते 199 असे गट पडतात. मिक्स्ड रिलेत दोन पुरुष, दोन स्त्रिया. चौघं एकाच क्लबचे हवेत.

हे क्लबचं प्रकरण नीट समजून घ्या. जागतिक मास्टर्समध्ये कुणीही देशाचं प्रतिनिधित्व करत नाही, प्रत्येक जण क्लबचा असतो. म्हणून तिरंगा लावलेला टी-शर्ट शिवून घेण्याआधी आपला क्लब राज्य संघटनेकडे नोंदलेला आहे का, आपलं नाव त्यात आहे का, आणि भारतीय जलतरण महासंघाची आपली नोंदणी चालू वर्षाची आहे का, हे बघायचं. महापालिकेच्या पूलचा पास म्हणजे क्लबचं सभासदत्व नव्हे. सरदारबाग किंवा लालबागला रोज सकाळी जाणारे कित्येक चांगले पोहणारे कुठल्याच क्लबात नसतात. त्यांनी हे काम सहा-आठ महिने आधी उरकावं. रिलेची चौकडी जमवायची असेल तर क्लब ठरवतानाच जमवायची. नंतर बदल करायला कुणी तयार होत नाही.

मग एंट्री टाइम, म्हणजे स्पर्धेच्या अर्जात द्यायची आपली वेळ. जागतिक स्पर्धेला प्रत्येक शर्यतीचं, प्रत्येक वयोगटाचं किमान वेळेचं कोष्टक असतं. स्पर्धा 50 मीटरच्या पूलमध्ये, त्यामुळे आपली वेळही 50 च्या पूलमधली द्यावी. 25 च्या पूलमध्ये 100 मीटरला तीन टर्न (भिंतीशी वळणं) मिळतात, 50 च्यात एकच. टर्नला भिंतीला मारलेला पाय बराच वेळ वाचवतो, म्हणून 100 मीटरला दीड-दोन सेकंदांचा फरक सहज पडतो आणि पाय कमजोर असलेल्यांचा आणखी. घड्याळ कोचच्या हातात द्या. स्वतः भिंतीवरच्या घड्याळात बघून काढलेली वेळ नेहमी स्वतःच्या बाजूची निघते. अशा खोट्या वेळेचा फायदाही काही नाही. पोहणाऱ्यांच्या तुकड्या पाडून एकामागून एक पोहवतात, त्या तुकडीला हीट म्हणतात. अंतिम फेरी वेगळी नसते, हीटमधल्या वेळेवरच निकाल लागतो. हीट लावतात त्या वयस्कर गट आधी आणि गटात हळू वेळेचे आधी. खोटी वेगवान वेळ दिली की फास्ट हीटमध्ये शेजारच्यांच्या लाटा खात एकटं मागे राहायचं.

आता नाव. बडोद्यात हा घोटाळा घरोघरी आहे. इथल्या शाळांच्या दाखल्यावर आणि गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा, आणि नावाच्या रकान्यात स्वतःचं व वडिलांचं नाव एकत्र. स्पर्धेच्या अर्जात कुणी आधारवर बघून भरतं, कुणी जुन्या प्रमाणपत्रावर बघून, आणि मग निमंत्रणपत्रावर एक नाव, तिकिटावर दुसरं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत संघटनेच्या नोंदीत माहेरचं नाव राहिलेलं असतं, ते वेगळंच. उपाय एकच: पासपोर्टचं फोटोचं पान समोर उघडं ठेवायचं आणि महासंघ, स्पर्धा, विमान, विमा, व्हिसा या पाचही ठिकाणी अक्षर न् अक्षर तसंच भरायचं. पासपोर्टची मुदत संपायला वर्षाहून कमी उरलं असेल तर आधी नवा करून घ्या. व्हिसाच्या अर्जात जुना नंबर आणि हातात नवा पासपोर्ट, ही भानगड नको.

स्पर्धेची फी भरताना कार्ड अडकतं. भारतीय कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात आणि मर्यादाही वाढवावी लागते. शेवटच्या दिवशी रात्री हे करत बसू नये.

शेंगेन देशातली (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांपैकी एकातली) स्पर्धा असेल तर व्हिसाला खरा वेळ द्यावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतो. फी प्रौढांना 90 युरो, वर व्हिसा केंद्राचा सेवाआकार. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून स्पर्धा जुलै-ऑगस्टमध्ये असेल तर मार्च-एप्रिलपासून अपॉइंटमेंटचं पोर्टल बघायला लागा. बडोदेकरांना बहुधा अहमदाबाद गाठावं लागतं. कोणत्या देशाचं केंद्र कुठे आहे ते आधी पक्कं करा. मागच्या 59 महिन्यांत शेंगेनसाठी बोटांचे ठसे दिले असतील तर ते पुन्हा वापरले जातात.

अर्जात प्रवासाच्या उद्देशाचा रकाना असतो आणि त्यात खेळ हा पर्याय वेगळा दिलेला असतो. तोच निवडा, पर्यटन नको. निमंत्रणपत्र, फी भरल्याची पावती, तुमच्या शर्यतींची यादी आणि क्लबचं पत्र सोबत लावलं की कागद एकमेकांशी जुळतात. निमंत्रणपत्र साधारणतः फी भरल्यावरच मिळतं, म्हणून एंट्री आधी. स्पर्धेनंतर दुसऱ्या देशात फिरायचं असेल तर दिवस मोजा: जिथे सर्वाधिक मुक्काम त्या देशाकडे अर्ज, समसमान असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. चार दिवस पोहायचं आणि नऊ दिवस शेजारच्या देशात हिंडायचं, तर अर्ज त्या शेजारच्याकडे जातो आणि मग खेळाच्या निमंत्रणपत्राचा जोर उरत नाही.

बाकी कागद ओळखीचे: बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरदारांना रजेचं आणि ना-हरकत पत्र, धंदा असेल तर जीएसटी नोंदणी, निवृत्तांना पेन्शनची कागदपत्रं. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात मुलाने एकदम दोन-तीन लाख टाकले की ते मदतीऐवजी संशयाचं कारण होतं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी. फोटो 35 बाय 45 मिलिमीटर. विमा किमान 30,000 युरोंचा.

विम्यावर एक मिनिट थांबा. व्हिसासाठी चालणारा स्वस्त विमा आणि पोहायला जाणाऱ्याला लागणारा विमा एक नव्हे. बऱ्याच पॉलिसींत स्पर्धात्मक खेळातली दुखापत वगळलेली असते आणि आधीचे आजारही. पन्नाशीपुढच्यांना रक्तदाब, मधुमेह असतोच. तो लपवून घेतलेली पॉलिसी ऐनवेळी कामाची नाही. हौशी खेळ आणि आधीचे आजार, दोन्ही शब्द पॉलिसीत लिहिलेले दिसले पाहिजेत. स्वतःच्या समाधानासाठी ट्रेडमिल टेस्ट करून घ्या. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

सिंगापूरचं काम त्या मानाने हलकं. भारतीयांना व्हिसा लागतो पण तो अधिकृत एजंटमार्फत होतो, आणि पोचण्याआधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइट सरकारी नव्हेत.

व्हिसा हातात आला की मग तिकीट. बडोद्याहून अहमदाबादचा एक्स्प्रेस वे 93 किलोमीटरचा, पण विमानतळ शहराच्या पलीकडच्या टोकाला, तेव्हा गाडीचे अडीच तास धरा आणि पावसाळ्यात तीन. युरोपात ऑक्टोबर 2025 पासून बिगर-युरोपीय प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि फोटो सीमेवर घेतात, म्हणून तिथे विमान बदलायचं असेल तर मध्ये तीन तास ठेवा. घड्याळाचा फरक सिंगापूरला अडीच तास, मध्य युरोपला उन्हाळ्यात साडेतीन. पहिल्या शर्यतीच्या तीन दिवस आधी पोचलं की पायांची सूज उतरते, झोप लागते आणि ॲक्रेडिटेशनची (स्पर्धकाचं ओळखपत्र घेण्याची) रांगही निवांत होते.

सरावात आमच्याकडे दोन गोष्टींची उणीव राहते. एक पाण्याची. स्पर्धेचं पाणी 25 ते 28 अंशांचं असतं. मे महिन्यात बडोद्याच्या उघड्या पूलमध्ये दुपारनंतर पाणी कोमट लागतं, त्या सवयीच्या माणसाला तिकडच्या पाण्याचा गारठा पहिल्या उडीत छातीत भरतो आणि पहिले पंचवीस मीटर श्वास बसत नाही. सकाळची पहिली बॅच घ्या, आणि तिकडे वॉर्मअपला घाई न करता निदान पंधरा-वीस मिनिटं पाण्यात राहा. दुसरी गोष्ट स्टार्टिंग ब्लॉकची. तिथले ब्लॉक उंच, उतरते आणि मागे पाय टेकवायला फळी असलेले. आयुष्यभर काठावरून उडी मारलेल्याचा तिथे गॉगल निघतो. मास्टर्सच्या नियमांत काठावरून किंवा पाण्यातूनही सुरुवात करता येते, फक्त पाण्यात एक हात भिंतीला लागलेला हवा. गुडघा, पाठ दुखत असेल त्यांनी हाच मार्ग घ्यावा, लाज कसली त्यात!

शिट्ट्यांचा क्रम घोकून ठेवा. छोट्या छोट्या शिट्ट्या म्हणजे कपडे उतरवून तयार. एक लांब शिट्टी म्हणजे ब्लॉकवर. बॅकस्ट्रोकवाल्यांनी त्या शिट्टीला पाण्यात उतरायचं आणि दुसऱ्या लांब शिट्टीला भिंतीशी यायचं. मग ‘टेक युवर मार्क्स’, मग आवाज. त्याआधी निघालं की बाद, दुसरी संधी नाही. आपल्याकडे डीक्यू (बाद) होतात ते बहुधा ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायच्या टचमध्ये: दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत, थकल्यावर एक हात आधी जातो. बटरफ्लायला मास्टर्समध्ये ब्रेस्टस्ट्रोकची किक चालते, हे इथल्या कित्येक कोचनाही ठाऊक नसतं. खांदे धड असलेल्या पण कमरेतून लाट न निघणाऱ्या माणसाला 50 मीटर बटरफ्लाय त्यामुळे आवाक्यात येते.

पोहण्याचा सूट मान्यताप्राप्त कापडाचा, पाठीमागे मंजुरीचा शिक्का छापलेला. पुरुषांचा कमरेपासून गुडघ्यापर्यंत, स्त्रियांचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, झिप नाही. नवा घट्ट सूट चढवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि नखांनी ओढला की फाटतो. बोटांच्या गाद्यांनी थोडा थोडा वर सरकवायचा. घरी दोनदा घालून बघा. सूट, टोपी, दोन गॉगल आणि एक टॉवेल हातातल्या सामानात, कारण चेक-इनची बॅग कुठेही जाऊ शकते.

खाण्याचं म्हणाल तर ठेपले, चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-दाण्याचे लाडू उत्तम. युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा पेढे, खव्याची मिठाई, तूप, दुधाची पावडर घरी. कढीपत्त्याची जुडीही नको. शर्यतीच्या आधी नवं काही खाऊन बघायचं नाही. तीन तास आधी ठेपले आणि केळं पुरतं.

भिंतीला लावलेल्या टचपॅडवर (हात लागताच वेळ नोंदणाऱ्या पाटीवर) बोटं टेकवू नका, तळवा दाबा. हलका टच नोंदला गेला नाही तर पर्यायी वेळ धरतात. शर्यत झाल्यावर हीट, लेन आणि वेळ असलेलं अधिकृत निकालाचं पान त्याच दिवशी उतरवून घ्या. पुढच्या वर्षीच्या एंट्रीला 50 च्या पूलमधली, इलेक्ट्रॉनिक घड्याळाची वेळ म्हणून तेच पान जोडता येतं.