सड्यावरचे आठ महिन्यांचे वाळवंट

कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे सर्वांना पाठ असते. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने जांभ्याचे सडे, म्हणजे उघड्या कातळाची पठारे, कोरडे ठणठणीत पडलेले असतात, ही गोष्ट मात्र सड्यालगत राहणाऱ्यालाच खरी जाणवते. राजापूरपासून देवगडपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात कातळावर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे फार तर वीतभर. खालचा जांभा सच्छिद्र, त्यामुळे पाणी धरून ठेवायला काही नाही. मे महिन्यात भर दुपारी त्या कातळावर अनवाणी पाऊल टेकवत नाही. मातीतल्या सूक्ष्म जीवांच्या दृष्टीने पाहिले तर सडा हा वर्षातला बराच काळ वाळवंटच असतो. म्हणूनच कोरड्या प्रदेशांतल्या मातीविषयी इतरत्र जे समजले आहे, ते वाचताना मला सतत आमच्या सड्याची आठवण होते.

उन्हाळ्यात कातळ काळा दिसतो. जांभा मुळात तांबडा, तो तोडल्यावर आतून तांबडाच निघतो, मग वरचा काळेपणा आला कुठून? उष्ण प्रदेशांतल्या उघड्या खडकांवरचा हा रंग बराचसा सजीव असतो. भातशेतीच्या संदर्भात आपण ज्याला निळे-हिरवे शेवाळ म्हणतो, त्या सायनोबॅक्टेरियांचा तो अतिशय पातळ थर असतो. त्यांच्यापैकी अनेकांच्या पेशींभोवतीच्या आवरणात सायटोनेमिन नावाचे पिवळट-तपकिरी रंगद्रव्य असते. ते अतिनील किरण शोषून घेते आणि आतली पेशी वाचते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो पठारावर वाळूचे कण एकमेकांना बांधून ठेवणारी जी काळपट खपली आढळते, तिचे मुख्य घटक याच कुळातले. तिथे मायक्रोकोलियस या सायनोबॅक्टेरियाचे धागे वाळू शिवून ठेवतात, येथे खाली दगडच असल्यामुळे ते काम कमी पडते, एवढाच फरक.

शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक मे महिन्यात मोकळा असतो, म्हणून मी कातळाच्या खळग्यातली चिमूटभर माती काचपट्टीवर घेऊन तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून बसतो. सुरुवातीला दिसतात ती फक्त मातीची ढेकळे आणि काळे तुकडे. काही मिनिटांत शेवाळाचे एखादे टोक आपल्या आवरणातून बाहेर सरकू लागते; ही हालचाल इतकी सावकाश असते की नजर हटवून पुन्हा पाहिल्याशिवाय ती लक्षात येत नाही. पाऊण-एक तासात रोटिफर हे सूक्ष्म प्राणी जागे होतात, आधी आकसलेली गोळी, मग लांबलेले शरीर आणि टोकाला गरगर फिरल्यासारखी भासणारी केसांची दोन वर्तुळे. त्यानंतर काही तासांनी कोल्पोडा नावाचे एकपेशीय प्रजीव पुटी, म्हणजे स्वतःभोवतीचे संरक्षक कवच, फोडून बाहेर पडतात. त्यांचा आकार वालाच्या दाण्यासारखा असतो आणि कोरड्या मातीत टिकून राहण्याबाबत त्यांचा हात धरणारे थोडेच. सूत्रकृमींना, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक कृमींना, सर्वांत जास्त वेळ लागतो. वेटोळे घालून पडलेला कृमी कितीतरी वेळ नुसता फुगतो आणि मग एकदम वळवळतो. डच निरीक्षक लेवेनहुक यांनी 1702 साली आपल्या घराच्या पन्हळीतला वाळलेला गाळ भिजवून असेच जीव जागे होताना पाहिले होते. आज तीनशे वर्षांनंतरही हा प्रयोग एका थेंबात करता येतो, आणि तरीही आपल्या अभ्यासक्रमात त्याला जागा मिळालेली नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

हे पाहताना मनात सहज बसणारी समजूत अशी, की उन्हाळा मारतो आणि पाऊस जगवतो. प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नाही. ज्या जीवांना वाळणे जमते, ते वाळून बसलेले असतात. त्यांच्यासाठी एप्रिल काय आणि मे काय, फारसा फरक राहत नाही. खरी कसोटी पहिल्या पावसाची. वाळलेल्या पेशीच्या आत क्षार आणि शर्करा दाटलेल्या असतात आणि बाहेर अचानक जवळजवळ शुद्ध पाणी येते. पाणी झपाट्याने आत शिरते. ज्या पेशीला आतला माल वेळेत बाहेर टाकता येत नाही, ती फुटते. फुटलेल्यांचे अवशेष आणि वाचलेल्यांनी बाहेर टाकलेली द्रव्ये यांवर उरलेले जीवाणू तुटून पडतात. त्याच वेळी भिजल्याने ढेकळे विरघळतात आणि त्यांच्या आत कोंडलेला सेंद्रिय अंशही हाती लागतो. परिणामी मातीतून कार्बन डायऑक्साइडचा मोठा लोट निघतो आणि काही दिवसांत ओसरतो. केनियात काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी कोरडी माती भिजवल्यावर होणाऱ्या या विघटनाचा 1958 साली पद्धतशीर अभ्यास मांडला, म्हणून त्याला बर्च परिणाम असे नाव पडले. या लोटात मेलेल्या पेशींचा वाटा किती आणि फुटलेल्या ढेकळांचा किती, यावर संशोधकांत अजून वाद आहे.

पहिल्या पावसाच्या वासावर इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याचा मोह मी टाळतो. एवढेच नोंदवतो, की त्या वासातले जिऑस्मिन हे द्रव्य मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जीवाणू तयार करतात आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार हा वास मातीतल्या स्प्रिंगटेल या बारीक उड्या मारणाऱ्या प्राण्यांना बोलावतो. हे प्राणी त्या जीवाणूंना खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावर व पोटात घेऊन दुसरीकडे पोचवतात.

बर्च परिणामात कार्बनबरोबर नत्रही मोकळे होते, आणि येथे आमची वाट राजस्थानपासून वेगळी होते. जैसलमेरकडे एक सर येते, माती दोन-चार दिवस ओली राहते आणि पुन्हा वाळते, त्यामुळे तयार झालेला नायट्रेट, म्हणजे नत्राचा पाण्यात विरघळणारा क्षार, बहुतांशी जागेवरच राहतो. कोकणात मात्र एखाद-दुसरा वळीव पडतो आणि पाठोपाठ मृगाच्या धारा लागतात. मातीकणांना न चिकटणारा नायट्रेट जांभ्यातून खाली झिरपून निघून जातो. रोहिणी नक्षत्रात धूळवाफेवर भात पेरण्याची जी रीत आहे, तिचे मुख्य कारण वेळ साधणे हेच असेल, पण मुळे आधीच जमिनीत असलेल्या रोपाला या उधळपट्टीतला थोडा वाटा मिळत असणार, असे मला वाटते.

भाजावळही याच साखळीत बसते. कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), शेण, पातेरा (वाळलेला पालापाचोळा) आणि गवत यांचे थर रचून, वर बारीक माती पसरून रोपवाटिकेची जागा भाजायची, हा राब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रसेल आणि हचिन्सन यांनी 1909 साली दाखवले, की माती तापवल्यावर आधी जीवाणूंची संख्या घसरते, मग ती पूर्वीपेक्षा वर जाते आणि अमोनिया वाढतो. जीवाणू खाणारे प्रजीव उष्णतेने मरतात, असा त्यांचा तर्क होता. म्हणजे ऊन जे काम आठ महिने सावकाश करते, ते आगीने एका सकाळी उरकले जाते. याचा अर्थ राब निर्दोष आहे असा नाही. त्यासाठी ऐन-किंजळाची जी तोड होते ती डोळ्यांआड करता येत नाही.

पावसाळ्याविषयी थोडक्यात. चिखलणी झालेल्या खाचरात प्राणवायू लवकर संपतो आणि त्याविना जगणाऱ्या जीवाणूंचे राज्य सुरू होते. बांधाच्या कडेला पाण्यावर तेलासारखा दिसणारा तवंग काडीने ढवळून पाहावा. तेल असेल तर तो पुन्हा जुळतो. लोह-जीवाणूंचा असेल तर त्याचे काचेसारखे तुकडे होतात. सड्यावर याच दिवसांत नॉस्टॉक हे निळे-हिरवे शेवाळ फुगून लिबलिबीत, काळसर हिरवे होते आणि हवेतले नत्र बांधते.

मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो तो ऑक्टोबर, कारण वाळणे ही तयारीने करायची गोष्ट आहे. ऍफेलेंकस नावाच्या सूत्रकृमीवर झालेल्या प्रयोगांत त्याला दमट हवेत दोन-तीन दिवस हळूहळू वाळू दिले, तर तो शरीरात ट्रेहॅलोज ही शर्करा साठवतो आणि पुढे जवळजवळ पूर्ण कोरडा होऊनही टिकतो. झटक्यात वाळवला तर मरतो. आंब्याच्या कलमांखालच्या पातेऱ्यात ही सवलत मिळते. उघड्या सड्यावर परतीचा पाऊस थांबल्यावर बोटभर माती ऑक्टोबरच्या उन्हात किती वेळ ओल धरणार? बागेतला पातेरा झाडून जाळणारे या बाजूचा विचार करत नाहीत, त्यांना आग लागण्याची भीती असते आणि ती खोटीही नाही.

अवकाळी पाऊस आला की आंब्याच्या मोहोराची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण कोलोरॅडो पठारावर 2012 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उन्हाळ्यात वारंवार जेमतेम 1.2 मिलिमीटरचे शिडकावे दिले, तेव्हा मातीच्या खपलीतले मॉस (इवल्या पानांची वनस्पती) जोम धरण्याऐवजी मरून गेले. जागे होण्याला, दुरुस्तीला आणि श्वसनाला जेवढा कार्बन खर्च होतो, तेवढा परत मिळवण्याआधीच ओल संपते आणि प्रत्येक शिडकाव्याला तोटा साचत जातो. मार्चमधली भुरभुर आणि समुद्राकडून येणारे दव यांचा आमच्या काळ्या कातळावर असाच परिणाम होतो का, हे तपासायला महागडी साधने लागत नाहीत. कातळाचे सारख्या आकाराचे चार तुकडे, फवारणीची बाटली आणि सूक्ष्मदर्शक एवढे पुरे. दोन तुकड्यांवर रोज सकाळी हलका फवारा मारायचा, दोन कोरडे ठेवायचे आणि जूनमध्ये चारही एकदम भिजवून कोणते लवकर हिरवे होतात ते पाहायचे. यंदा नववीच्या मुलांना हे काम फेब्रुवारीतच देणार आहे.